ढोलाच्या ठोक्यावर पेटणारा तुरा

तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या फेट्यावर मी पहिल्यांदा दिव्यांचा तुरा बसवला. घरात टाळी वाजवली की तो झकास लुकलुकायचा. डिचोलीच्या शिगमो मिरवणुकीत मात्र पथकाने पहिला ढोल घुमवला आणि तुरा जो पेटला तो मिरवणूक संपेपर्यंत विझलाच नाही. ट्यूबलाइटसारखा आपला जळतोय! अर्ध्या वाटेत भाचा घामाघूम होऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘‘मामा, हो पेटता खरो, पूण नाचना.’’

त्याचं बरोबर होतं. बैठकीच्या खोलीत ऐकू यावं म्हणून मी तुऱ्याचे कान फार तिखट केले होते. शिगम्याच्या रस्त्यावर गोष्ट उलटी असते. आपल्या पथकाचे ढोल, मागच्या पथकाचे ताशे, कासाळ्यांचा (मोठ्या झांजांचा) झणत्कार, पुढच्या चित्ररथावरचे भोंगे, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. तिथे दिव्यांना ऐकू येईल की नाही ही काळजी नसते. त्यांनी काय ऐकू नये, हे ठरवावं लागतं. या लेखातली प्रत्येक जोडणी त्या एका गोष्टीसाठी आहे.

पेडणे किंवा डिचोलीतल्या शिगम्यात वेशभूषा स्पर्धेत उतरणाऱ्याला, रोमटामेळात नाचणाऱ्याला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात घोडेमोडणीचा स्वार होणाऱ्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून हा तुरा मांडला आहे. सोल्डरिंग आयर्न एकदाही हातात धरलं नसेल तर घरातल्या शाळकरी मुलांना सोबत घ्या. ‘केअर्स’ योजनेमुळे गोव्यातल्या शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स पोचलं आहे, त्यामुळे आर्डुइनो हा शब्द त्यांना तुमच्यापेक्षा जवळचा असण्याची शक्यता जास्त.

सामान काय लागेल

- आर्डुइनो नॅनो बोर्ड १ (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड; पुढे नुसतं ‘नॅनो’)
- मॅक्स-४४६६ चिपचा माइक बोर्ड १ (मागे छोटा फिरवायचा स्क्रू असतो तो)
- डब्ल्यूएस-२८१२बी दिव्यांची पट्टी, मीटरला ६० दिव्यांची, वर सिलिकॉनचा थर असलेली. आपल्याला अर्धा मीटर पुरे
- दोन यूएसबी तोंडांची पॉवर बँक, ५,००० ते १०,००० एमएएच
- १० किलोओहम रेझिस्टर १ (पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी) आणि ४७० ओहम १ (पिवळा, जांभळा, तपकिरी)
- ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर १ (अंगावर १०४ लिहिलेला) आणि १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा १
- २ अँपिअरचा फ्यूज, ३ पिनांची जेएसटी कनेक्टरची जोडी, २२ गेजची सिलिकॉन वायर, हीट श्रिंक नळी
- ५ मिलिमीटर आणि २ मिलिमीटर जाडीचे ईव्हीए फोमचे ताव, माडाचे हीर, पांढरी मलमल, जरीची किनार

यातलं शेवटचं सामान शेजारच्या बाजारात मिळतं. वरचं म्हापसा-पणजीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारावं, नाहीतर ऑनलाइन मागवावं. शिगम्याच्या आधी निदान तीन आठवडे मागवा, कारण एखादा बोर्ड मुका निघतोच आणि बदलून घ्यायला वेळ लागतो. माइक बोर्ड दोन घेतले तर उत्तम.

माइक घेताना चिपचा आकडा बघून घ्या. मॅक्स-९८१४ नावाचा दुसरा एक बोर्ड मिळतो. तो आवाज स्वतःहून वर-खाली करतो, म्हणजे हळू आवाज वाढवतो आणि मोठा दाबतो. भाषण रेकॉर्ड करायला हा गुण चांगला, पण ढोलाला तो मारक. ठोका आणि ठोक्यामागची शांतता हा बोर्ड एका पातळीवर आणू पाहतो. माझा पहिला तुरा नाचला नाही तो यामुळेही. मॅक्स-४४६६ मध्ये आपण स्क्रूने लावलेली पातळी तशीच राहते.

कान कमरेला, दिवे डोक्यावर

नवखा माणूस सगळं सामान फेट्यातच कोंबतो. दहा हजार एमएएचची पॉवर बँक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. ती डोक्यावर घेऊन दोन तास नाचून बघा, मान सांगेल. डोक्यावर फक्त दिवे ठेवा आणि तुरा दीडशे ग्रॅमच्या आत बसवा. बोर्ड आणि पॉवर बँक कमरेच्या कापडी बटव्यात जाईल. माइक कमरपट्ट्याच्या पुढच्या बाजूला लावायचा. ढोल वाजतो कमरेच्या उंचीवर, त्यामुळे माइकचा कान आपोआप योग्य जागी येतो. बटवा ते तुरा यांमध्ये तीनच वायरी जातात: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. त्या पाठीवरून, फेट्याच्या शेमल्याखालून नेल्या की दिसतही नाहीत.

वीज दोन वाटांनी घ्या. पॉवर बँकेच्या एका तोंडातून नेहमीच्या केबलने नॅनोला. दुसऱ्या तोंडातून एक जुनी यूएसबी केबल कापून तिची लाल आणि काळी वायर सरळ दिव्यांना, लाल वायरीवर फ्यूज लावून. दिव्यांचा सगळा प्रवाह नॅनोच्या अंगातून नेऊ नये, ते त्याला झेपत नाही. दोन्हीकडचे ग्राउंड मात्र बोर्डाजवळ एकत्र जोडा. ते सुटले तर दिव्यांना डेटा कळत नाही आणि ते वेड्यासारखे रंग फेकतात. पाच व्होल्टच्या दोन लाल वायरी एकमेकींना जोडू नका.

दिव्यांना लागणारा प्रवाह रंगावर ठरतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. एका दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कण असतात आणि प्रत्येक साधारण २० मिलिअँपिअर खातो. पूर्ण पांढरा म्हणजे ६०. आपले दिवे ३०, म्हणजे सगळे पांढरे पेटवले तर १.८ अँपिअर. त्याऐवजी लाल पूर्ण, हिरवा त्याच्या चतुर्थांश आणि निळा शून्य ठेवला की अबोलीच्या वळेसराजवळ जाणारा केशरी रंग मिळतो आणि एका दिव्याचा खर्च २५ मिलिअँपिअरवर येतो. तीस दिव्यांचे ७५० झाले. ठोक्यांमध्ये दिवे मंदावतात म्हणून सरासरी त्याहून बरीच कमी असते. पाच हजारांची पॉवर बँकही संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत आरामात चालते.

एक खोच लक्षात ठेवा. खर्च अगदीच कमी झाला तर बऱ्याच पॉवर बँका ‘मोबाइल चार्ज झाला’ असं समजून स्वतःहून बंद होतात. पथक पाणी प्यायला थांबलं की तुरा मेला, असं होतं ते यामुळे. उपाय सोपा आहे: शांततेतही सगळे दिवे अगदी मंद, राखेखालच्या निखाऱ्याइतके पेटते ठेवा. तुमची पॉवर बँक किती मंद उजेडावर तग धरते ते घरी घड्याळ लावून तपासा.

माइकला थोडं बहिरं करा

आता मुख्य काम. ढोलाचा घुमारा खालच्या कंपनसंख्येचा असतो, ताशाचा कडकडाट आणि कासाळ्यांचा झणत्कार वरच्या. मिरवणुकीत ढोलाचा ठोकाच पायांना ताल देतो, म्हणून तुऱ्यानेही तोच धरावा. त्यासाठी माइक आणि नॅनो यांच्यामध्ये एक गाळणी बसवायची. माइकची ‘आउट’ वायर आधी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून न्या. रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला नॅनोची ‘ए-०’ पिन जोडा, आणि त्याच टोकापासून ग्राउंडपर्यंत १०४ लिहिलेला कपॅसिटर लावा. झाली गाळणी. हिशेबाने तिची सीमा १५९ हर्ट्झवर येते. त्याखालचं जवळजवळ सगळं आत शिरतं, वरचं जितकं उंच तितकं जास्त अडतं. दोन-चार रुपयांच्या दोन भागांनी ताशा बाजूला होतो.

पण गाळणीच्याही आधी माइकचा स्वतःचा गळा बसू शकतो. फार मोठ्या आवाजाने त्याचा अॅम्प्लिफायर तुंबला की लाटांचे शेंडे कापले जातात, आणि कापलेलं पुढची गाळणी पुन्हा सांधू शकत नाही. म्हणून बोर्डाच्या मागचा स्क्रू सर्वांत कमी टोकाला फिरवा. तिथेही तो आवाज २५ पट मोठा करतो, आपल्याला तेवढं पुष्कळ. मग बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण घ्या, त्याला मधोमध भोक पाडा, आत माइक बसवा आणि तोंडावर मेकअपच्या स्पंजचा तुकडा दाबून बसवा. स्पंजामुळे वारा अडतो आणि कपड्यांची घासाघीस कमी ऐकू येते. तरीही आवाज जास्त वाटला तर स्पंजाखाली कागदी टेपचा एक थर द्या. मी दोन दिले आहेत.

माइकची वीज पाच व्होल्टवरून घेऊ नका, नॅनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरून घ्या. दिवे एकदम पेटले की पाच व्होल्टची लाइन किंचित दचकते. माइक त्याच लाइनवर असला तर त्याला तो दचका म्हणजे आवाजच वाटतो. मग दिवे पेटले म्हणून आवाज, आवाज आला म्हणून दिवे, अशी फुगडी सुरू होते आणि रिकाम्या खोलीतही तुरा स्वतःशीच नाचतो.

तुम्ही स्वतःच ढोल वाजवत असाल तर माइकची गरजही नाही. २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती ढोलाच्या लाकडी अंगाला दुहेरी टेपने चिकटवा. चामड्याला लावू नका, नाद बिघडतो. चकतीच्या दोन वायरींमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि जोरदार ठोक्याच्या व्होल्टेजपासून बोर्ड वाचावा म्हणून ५.१ व्होल्टचा झेनर डायोड लावा; डायोडवरची काळी पट्टी ‘ए-०’कडे ठेवा. पिझोला हवेतला आवाज जवळजवळ कळत नाही, लाकडाची थरथर कळते. शेजारी चित्ररथाचा भोंगा फुटेस्तोवर वाजला तरी तुमचा तुरा तुमच्याच हाताला बांधील राहतो.

प्रोग्रॅमला काय सांगायचं

फास्टएलईडी ही दिव्यांची तयार लायब्ररी फुकट मिळते. तिच्यातले ध्वनीचे नमुने जसेच्या तसे वापरू नका, ते खोलीतल्या गाण्यांसाठी बेतलेले असतात. आपला प्रोग्रॅम पाच पायऱ्यांचा आहे. घरातल्या मुलाला एवढं वाचून दाखवलं तरी तो लिहून देईल.

पहिली पायरी: दर २५ मिलिसेकंदांत माइक जितक्या वेळा वाचता येईल तितका वाचा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा वजा सर्वांत लहान आकडा काढा. नॅनो ० ते १०२३ मध्ये मोजतो. शांततेत माइक ३४० च्या आसपास स्थिर असतो, पण आपण फरक घेतो म्हणून तो मध्य कितीही असला तरी चालतो. २५ मिलिसेकंदच का? ढोलाच्या ८० हर्ट्झच्या लाटेला एक फेरा पुरा करायला साडेबारा मिलिसेकंद लागतात. खिडकी याहून लहान केली तर अर्धीच लाट पकडली जाते, फार मोठी केली तर दिवा ठोक्याच्या मागे पडतो.

दुसरी पायरी: या फरकांची गेल्या दोन-तीन सेकंदांची सरासरी ठेवा. रस्ता किती गजबजलेला आहे, हे तुऱ्याला या सरासरीवरून कळतं.

तिसरी: ताजा फरक सरासरीच्या दीडपट झाला तरच तो ठोका माना. देवळासमोरच्या चौकात गलबला वाढला की सरासरी वाढते आणि उंबरठाही वर जातो. गल्लीत शिरलात की दोन्ही खाली येतात. एकच ठरावीक आकडा लिहून ठेवणाऱ्यांचा तुरा एका ठिकाणी अति पेटतो आणि दुसऱ्या ठिकाणी मुका होतो.

चौथी: ठोका मिळाला की दिवे एका झटक्यात पूर्ण पेटवा, मग दर २५ मिलिसेकंदांना उजेड आधीच्या ०.८ पट करत न्या. १२ फेऱ्यांत, म्हणजे ३०० मिलिसेकंदांत, तो सात टक्क्यांवर येतो. तुरा नाचतो तो या उताराने. ०.९५ पट केलंत तर ठोके एकमेकांत मिसळून ट्यूबलाइट होईल, ०.५ केलंत तर वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखं दिसेल.

पाचवी: एका ठोक्यानंतर ३०० मिलिसेकंद दुसरा ठोका मानू नका. यामुळे सेकंदाला साधारण तीनच उजेड पडतात. हे केवळ सौंदर्यासाठी नाही. वेगाने लखलखणाऱ्या उजेडाने काही अपस्मारग्रस्तांना झटका येऊ शकतो, आणि मिरवणुकीत तुमच्या समोर कोण उभं आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. मघाशी सांगितलेला निखारा इथेही उपयोगी पडतो. दिवे पूर्ण काळे होत नाहीत, त्यामुळे लखलखाट सौम्य राहतो.

प्रोग्रॅम चढवताना संगणकाला बोर्ड सापडतो पण काम पुढे सरकत नाही, असं झालं तर घाबरू नका. स्वस्त नॅनो बोर्डांना बहुधा ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्याय निवडावा लागतो. संगणकाला बोर्डच दिसत नसेल तर आधी केबल बदलून बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलींत डेटाच्या वायरी नसतात.

तुरा बांधताना

पाच पाकळ्यांचा पंखा करा. पट्टी १० सेंटिमीटरच्या पाच तुकड्यांत कापा, प्रत्येकात ६ दिवे येतील. कात्री तांब्याच्या ठिपक्यांच्या बरोबर मधून चालवा, तिथे रेघ मारलेली असते. पट्टीवर बाण छापलेले असतात, डेटा त्याच दिशेने वाहतो. पहिल्या पाकळीच्या बुडाशी डेटा आत, शेंड्याला बाहेर, तिथून एक वायर परत खाली दुसरीच्या बुडाशी, असं करत पाचही पाकळ्या बुडापासून शेंड्याकडे भरा. मग हलक्या ठोक्याला बुडाचे दोन दिवे आणि जोरदार ठोक्याला शेंड्यापर्यंत सहाही, असं करता येतं. एकूण सत्तावीस सांधे होतात. घाई करू नका, प्रत्येक सांध्यानंतर मल्टिमीटर लावून बघा. डेटाच्या वायरीत, पहिल्या दिव्याच्या अगदी अलीकडे, ४७० ओहमचा रेझिस्टर घाला. मोठा कपॅसिटर तुऱ्याच्या बुडाशी पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये लावा. त्याच्या अंगावरची पांढरी पट्टी ग्राउंडकडे. उलटा लावला तर तो फुगतो, क्वचित फुटतोही.

पाकळ्यांचा पाठीचा ताव ५ मिलिमीटर फोमचा, काळ्या रंगाचा. त्याच्या मागे माडाचा हीर शिवून टाका. स्टीलची तार नको. हीर वाकतो आणि परत सरळ होतो, नाचताना पाकळ्यांना मोराच्या पिसाऱ्यासारखी थरथर येते. पुढचा ताव दिव्यांपासून पावणेदोन-दोन सेंटिमीटर दूर राहिला पाहिजे, म्हणून मध्ये फोमचे छोटे ठोकळे चिकटवा. आपल्या पट्टीत दोन दिव्यांमधलं अंतर सुमारे १७ मिलिमीटर आहे, झाकण किमान तेवढं लांब असलं की सुटे ठिपके मिसळून एकसंध पाकळी उजळते. झाकणाला २ मिलिमीटर पांढरा फोम किंवा मलमलीचे दोन पदर. कडेने काळी पट्टी आणि मग जरीची किनार लावा. चित्ररथांच्या झगमगाटात काळ्या कडेनेच तुमच्या दिव्याला उठाव येतो.

तुरा फेट्यात खोचायचा नाही. इलॅस्टिकच्या कापडी पट्ट्याला त्याचं बूड घट्ट शिवा, पट्टा डोक्याला बांधा आणि त्यावरून फेटा बांधा. फेटा बांधणाऱ्याला आधीच सगळं दाखवा, कारण त्याची सवय टाचण्या खुपसण्याची. पट्टीतून गेलेली एक टाचणी पाच व्होल्ट आणि ग्राउंड जोडून देते. फ्यूज आहेच, पण तो उडाला की त्या रात्रीपुरता तुरा संपला.

घाम, गुलाल आणि उड्या

फाल्गुनातला उकाडा, भरजरी अंगरखा आणि दोन तासांचं नाचणं, म्हणजे घामाची धार लागते. त्यात गुलाल मिसळला की ओला लगदा होतो आणि उघड्या सांध्यांवर बसतो. एकदा असाच लगदा कनेक्टरमध्ये शिरून माझ्या दोन पाकळ्या हिरव्याच राहिल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक आणि कापलेल्या प्रत्येक टोकावर सिलिकॉन लावतो. सिलिकॉन घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो प्रकार तांबं खातो. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेली नळी घ्या.

वायरी तुटतात त्या मध्ये कुठे तुटत नाहीत, सांध्याच्या कडेला तुटतात. तिथे सोल्डर शिरून वायर ताठ झालेली असते आणि प्रत्येक उडीला तीच जागा वाकते. प्रत्येक सांध्यापासून दोन बोटांवर वायर फोमला दोऱ्याने शिवून टाका, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. मानेपाशी हातभर नव्हे, पण वीतभर तरी वायर सैल ठेवा. तिथेच जेएसटी कनेक्टर लावा आणि त्याची अडकवणारी चीप कापून टाका. गर्दीत कुणाच्या हातात शेमला सापडला तर कनेक्टर सुटेल, मान आवळली जाणार नाही.

अंगावर घालायची विजेची कला जगात नवी नाही. लेआ ब्यूकली यांनी घडवलेला लिलीपॅड हा शिवता येणारा आर्डुइनो बोर्ड २००७ मध्येच बाजारात आला. त्यात वायरीऐवजी वीजवाहक दोऱ्याने जोडण्या शिवतात. कल्पना देखणी आहे, पण त्या दोऱ्यावर वेष्टन नसतं. घामाने भिजलेल्या अंगरख्यात दोन दोरे एकमेकांना टेकले की संपलं. आपण वायरीच वापराव्यात.

पॉवर बँक नामांकित कंपनीची, न फुगलेली असावी. सुट्या लिथियम सेलच्या भानगडीत पडू नका. कमरपट्टा तिच्यावर करकचून आवळू नका, अंगावर असताना तिला चार्जिंगला लावू नका आणि मिरवणुकीआधी दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नका.

अंगणातली परीक्षा

मिरवणुकीच्या आठ दिवस आधी सगळं अंगावर चढवा आणि अंगणात उभे राहा. कुणाला तरी स्टीलच्या थाळीवर चमचा वाजवायला सांगा. तुरा गप्प राहिला पाहिजे. मग प्लॅस्टिकच्या रिकाम्या पिंपावर मुठीने ठोका मारायला सांगा. तुरा शेंड्यापर्यंत पेटला पाहिजे. थाळीला पेटत असेल तर गाळणीचा सांधा तपासा. पिंपालाही पेटत नसेल तर टेपचा एक थर काढा, मगच स्क्रूला हात लावा. स्वतः टाळ्या वाजवून, उड्या मारून, गिरक्या घेऊन बघा. नुसत्या उडीने दिवे पेटले तर माइक झाकणात सैल बसला आहे.

त्यानंतर पथकाच्या एका तालमीला जा. पिंप आणि ढोल यांत फरक असतो तो तिथेच कळतो. उंबरठ्याची दीडपट आम्हाला तालमीत पावणेदोन करावी लागली, कारण आमच्या पथकात ढोलच बारा! तालमीच्या वेळी लॅपटॉप जवळ ठेवा आणि आकडे तिथल्या तिथे बदला.

निघताना बटव्यात एवढं टाका: वेगळा फ्यूज, कागदी टेप, छोटी कात्री, रंगाचा कोरडा ब्रश आणि एक जादा केबल. सोल्डरिंग आयर्न नेऊ नका. रस्त्यावर जे टेपने जमत नाही ते त्या रात्री जमणार नसतं. दिवे बंद ठेवूनही तुरा फेट्याला शोभेल असा बांधला असेल तर तुम्ही बिनधास्त नाचू शकता.

मांडाचा मान

हा तुरा मिरवणुकीसाठी, स्पर्धेसाठी आणि रंगमंचासाठी आहे. गावच्या मांडावरचा, म्हणजे विधीच्या पवित्र जागेवरचा, शिगमो ही वेगळी गोष्ट. डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांत घोडेमोडणी कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचली जाते. गावच्या मांडावर तिला ठरलेला वेश असतो, ठरलेले मानकरी असतात. त्यात आपली भर घालायची तर आधी गावकऱ्यांना विचारावं, आणि ‘नको’ म्हणाले तर तुरा घरी ठेवावा. साळच्या गड्यांसारखा रात्रीचा विधी असेल तिथे तर असले दिवे खिशातूनही बाहेर काढू नयेत.

पेडण्याकडे दशावतारी नाटकाची परंपरा आहे. एखाद्या मंडळाने हौसेने राक्षसाच्या मुकुटासाठी अशी जोडणी मागितली तर जरूर करून द्या, पण तिथे माइक पखवाजाजवळ ठेवावा लागेल आणि बंद-चालू करायचं बटण नटाच्या हाताशी हवं. लांबलचक स्वगतात मुकुट लुकलुकू लागला तर प्रेक्षक भलत्याच ठिकाणी हसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी

मिरवणूक आटोपून घरी आलात की फेटा सोडण्याआधी कनेक्टर सोडवा. तुरा रात्रभर पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. सकाळी कोरड्या ब्रशने गुलाल झाडा, ओलं फडकं लावू नका. स्पंज बदला. सत्तावीस सांध्यांवरून बोट फिरवा, एखादा हलत असेल तर आत्ताच सोल्डर मारा, पुढच्या वर्षी आठवण राहत नाही. पॉवर बँक अर्धी चार्ज करून वेगळी ठेवा आणि तुरा कपाटात सपाट निजवा.

आमचा तुरा मात्र फार दिवस कपाटात राहत नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावरच्या पोरांना नरकासुराच्या कपाळावर तो हवाच असतो. पहाटे नरकासुराला आग लावण्याआधी तो आठवणीने उतरवून घ्यायचं काम भाच्याकडे आहे.